अठरा पेन्सांचा रुपया आणि घरांतलें सोनें

इ. स. १९३१ च्या हिवाळ्यांत मुंबईच्या झवेरी बाजारापासून तालुक्याच्या गांवच्या सराफकट्ट्यापर्यंत सर्वत्र एक उलटाच व्यवहार सुरू झाला होता. लग्नसराई तोंडावर आलेली असतांना गिऱ्हाईक सराफाकडे सोनें घेण्यासाठीं येत नव्हतें, मोडण्यासाठीं येत होतें. फडताळांत आणि उतरंडीच्या तळाशीं पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेल्या पाटल्या, गोठ, पुतळ्या तराजूंत पडत होत्या, मुशींत आटत होत्या आणि लगडींच्या रूपानें बोटींत चढून विलायतेस रवाना होत होत्या. १९३१-३२ ह्या एका सरकारी वर्षांत सुमारें ५८ कोटि रुपयांचें सोनें देशाबाहेर गेलें. १९३७ च्या मार्चअखेरपर्यंतची बेरीज तीनशें कोटींच्या घरांत जाते. जगाचें सोनें ओढून घेऊन पुरून ठेवणारा देश अशी ज्याची शतकानुशतकें ख्याति, त्या देशानें आपण होऊन सोनें बाहेर टाकावें, ही गोष्ट लहान नव्हती.

सरकारी बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं, सोन्यास चांगला भाव आला आहे, सबब लोक नफा पदरांत पाडून घेत आहेत. भाव आला होता हें खरें. परंतु कुणब्याची कारभारीण अंगावरचा शेवटला डाग उतरवून देते ती नफ्यासाठीं, असें म्हणणारास कुणब्याचें घर ठाऊक नसलें पाहिजे.

त्या वर्षीं देशांत कोठें मोठा दुष्काळ पडलेला नव्हता. सोनें निघालें त्याचीं कारणें बरींच मागें जातात, आणि त्यांतलें एक मोठें कारण ‘एक शिलिंग सहा पेन्स’ ह्या एवढ्याशा आंकड्यांत सांठलेलें आहे. हुंडणावळीचा विषय रूक्ष म्हणून आपल्या घरांत त्याची चर्चा बहुधा होत नाहीं. वर्तमानपत्राचें तें पान उलटून पुढें जाण्याचीच रीत आहे. ह्या गोष्टीस आतां नव्वद वर्षें होऊन गेलीं असलीं, तरी राज्यकर्त्यांनीं तिजोरीचा आणि नाण्याचा घेतलेला एक निर्णय घराच्या माजघरापर्यंत कसा येऊन पोंचतो, हें समजून घेण्यास ह्यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

पूर्वीं रुपया म्हणजे चांदी होती. १८३५ च्या कायद्यापासून १८० ग्रेन वजनाचा, बारांत अकरा भाग चांदीचा रुपया सर्व कंपनीराज्यांत एक झाला, आणि कोणींही चांदी टांकसाळींत नेऊन द्यावी व रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा असे. १८७१ नंतर जर्मनीनें सोन्याचें नाणें स्वीकारलें, इतर राष्ट्रें तिच्यामागोमाग गेलीं, खाणींतून चांदी अतोनात निघूं लागली, आणि चांदीचा भाव उतरत चालला. त्याबरोबर सुमारें दोन शिलिंगांस मिळणारा रुपया १८९४-९५ पर्यंत तेरा पेन्सांवर येऊन ठेपला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. हिंदुस्थान सरकारचें उत्पन्न रुपयांत होतें, आणि विलायतेंतील देणें पौंडांत. रेल्वेच्या कर्जाचें व्याज, निवृत्त साहेबांचीं पेन्शनें, इंडिया ऑफिसचा खर्च, लष्कराची सामग्री, ह्या सर्वांस मिळून होम चार्जेस म्हणत. १८९२-९३ सालीं ह्या खात्यावर सुमारें एक कोटि पांसष्ट लाख पौंड धाडावे लागले, आणि त्यांस सव्वीस कोटींहून अधिक रुपये पडले. वीस वर्षांपूर्वींच्या भावानें तेच पौंड अठरा कोटींच्या आंत मिळाले असते. म्हणजे रुपया स्वस्त झाला कीं तिजोरीस खांच पडे. उलट परदेशीं कापूस, गळिताचें धान्य, गहूं धाडणाऱ्या शेतकऱ्यास स्वस्त रुपया फायद्याचा, कारण त्याच पौंडाचे त्याच्या हातीं अधिक रुपये येत. तिजोरीचें हित एकीकडे आणि रयतेचें दुसरीकडे, अशी ही स्थिति होती. पुढील पन्नास वर्षांच्या साऱ्या वादाचें मूळ येथें आहे.

२६ जून १८९३ रोजीं सरकारनें टांकसाळी लोकांस बंद केल्या. रुपये पाडण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला, नवे रुपये आंखडते पाडले, आणि नाण्याची चणचण भासवून पांच वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर चढविला. तिजोरीचें दुखणें बरें झालें. परंतु ज्यांची सारी पुंजी चांदीच्या दागिन्यांत होती त्यांचें काय झालें? पूर्वीं तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ रुपयाच. आतां रुपयाचा भाव वेगळा आणि चांदीचा वेगळा, आणि चांदीचा दिवसेंदिवस उतरता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत गरिबांनीं वाळे, तोडे, कडीं विकावयास काढलीं तेव्हां हा फरक त्यांच्या पदरीं पडला. सोन्याच्या कहाणीच्या आधींची ही चांदीची कहाणी फारशी कोणी सांगत नाहीं.

तिजोरीचें दुखणें बरें झाल्याचा पुरावा लौकरच दिसूं लागला. १८९८ पासून वर्षानुवर्षें अंदाजपत्रकांत कोट्यवधि रुपयांची शिल्लक पडूं लागली. १९०१-०२ सालीं तर ती सात कोटींच्या आसपास होती. देशावर नुकते दोन भयंकर दुष्काळ होऊन गेलेले, मुंबई इलाख्यांत प्लेगाचा कहर चाललेला, आणि सरकारच्या खात्यावर शिल्लक! लॉर्ड कर्झनच्या कौन्सिलांत २६ मार्च १९०२ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले पहिल्या अंदाजपत्रकावर बोलावयास उठले ते ह्याच विसंगतीवर बोट ठेवण्यासाठीं. त्यांचें वय त्या वेळीं पस्तीस वर्षांचें होतें, आणि आंकड्यांच्या तयारींत रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी ह्यांच्या व्यासंगाचा हात त्यांच्या पाठीशीं होता. गोखल्यांचें म्हणणें असें कीं, रुपया पडला म्हणून जे कर वाढविले ते रुपया सावरल्यावर उतरविले नाहींत. म्हणून ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून जरूरीपेक्षां अधिक घेतलेल्या कराची रक्कम आहे.

घरांत शिल्लक पडणें हा गृहिणीचा गुण समजला जातो, आणि म्हणून सरकारी शिल्लक पाहूनही आपल्यास धन्यता वाटते. परंतु घरची शिल्लक घरांतच राहते. सरकारी शिल्लक ज्यांच्या घरून आली त्यांच्या घरीं तेवढी तूट असते, हा भेद गोखल्यांनीं त्या दिवशीं स्पष्ट करून दाखविला. मिठावरील कर तेव्हां मणास अडीच रुपये होता. १९०३ सालीं तो दोन रुपयांवर, १९०५ सालीं दीडावर आणि १९०७ सालीं एका रुपयावर आला, आणि मिठाचा खप वाढला. गरीब माणूस मीठसुद्धां हात आंखडून खात होता, हें त्यावरून दिसून आलें.

पहिल्या महायुद्धांत चांदी महागली आणि रुपया सोळा पेन्सांवरून उसळून वर गेला. त्या भरांत १९२० सालीं सरकारनें तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा हट्ट धरला. दादीबा मेरवानजी दलाल ह्या एकट्या हिंदी सभासदानें समितींत विरोध नोंदविला होता. त्याचें कोणीं ऐकिलें नाहीं. भाव टिकविण्यासाठीं साडेपांच कोटि पौंडांच्या विलायतेवरील हुंड्या विकून सरकारनें हात पोळून घेतले, आणि सप्टेंबरांत नाद सोडला. महाग रुपयाच्या भरंवशावर विलायतेहून माल मागविलेले मुंबईचे व्यापारी त्यांत बुडाले ते निराळेच.

आतां १९२६ सालाकडे येऊं. हिल्टन यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालील कमिशननें दोन प्रमुख गोष्टी सुचविल्या: देशास एक मध्यवर्ती बँक असावी, आणि रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स कायम व्हावा. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनीं भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. अर्थसचिव सर बेसिल ब्लॅकेट ह्यांचें म्हणणें, देशांतील भाव आणि मजुरी अठरा पेन्सांशीं केव्हांच जुळून गेलीं आहेत, आतां मागें जाण्यांत गोंधळ होईल. ठाकुरदासांचें म्हणणें, तीं जुळलेलीं नाहींत. जुळतील तीं शेतकऱ्याचें आणि गिरणीचें रक्त आटवून.

दोन पेन्सांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या ज्या कापसाचा लिव्हरपुलास एक पौंड येई, त्याचे सोळा पेन्सांच्या भावानें पंधरा रुपये होत. अठरा पेन्सांच्या भावानें तेरा रुपये पांच आणे चार पै. एका पौंडामागें एक रुपया दहा आणे आठ पै गेले, म्हणजे नवांतला एक हिस्सा गेला. मात्र सरकारचा सारा रुपयांत ठरलेला आणि सावकाराचें व्याजही रुपयांत ठरलेलें. त्यांतली एक पै कमी झाली नाहीं. कोणींही नवा कर बसविला नाहीं, कोठेंही दवंडी पिटली नाहीं, आणि रयतेवरचा बोजा अष्टमांशाच्या मानानें वाढला. १९२७ च्या मार्चमध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत हा भाव मंजूर झाला तो केवळ तीन मतांच्या आधिक्यानें.

ह्या वादांत एक आवाज वेगळा होता. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि कमिशनपुढें त्यांची साक्षही झाली. स्वस्त रुपयानें राष्ट्राचा फायदा होतो असें मुंबईचे गिरणीवाले म्हणत, त्यावर त्यांनीं बोट ठेविलें: हुंडणावळ उतरली म्हणजे देशांतील भाव चढतात, आणि व्यापाऱ्यास जो लाभ होतो तो बाहेरून येत नसून देशांतल्याच मजूर आणि पगारदार वर्गाच्या खिशांतून येतो. आमच्या मतें ह्या वादांतलें हें सर्वांत खोल वाक्य. रुपयाचा कोणताही भाव सर्वांच्या हिताचा नसतो. प्रश्न एवढाच असतो कीं, कोणाचें घर सावरावयाचें आणि कोणाचें ढांसळूं द्यावयाचें.

आणि म्हणूनच आपल्या वर्गाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. महाग रुपयानें त्या काळीं कोणाचें बरें झालें? ठरलेला पगार घेणारा कारकून, शिक्षक, मामलेदार, पेन्शनर ह्यांचें. विलायती कापड, घासलेट, औषधें स्वस्त झालीं, आणि पुढें धान्यही मातीमोल झालें. सदाशिव पेठेंतल्या पेन्शनराचे पन्नास रुपये १९३३ सालीं पूर्वींच्या सत्तर-ऐंशीं रुपयांचें काम करीत. सभांतून आपण अठरा पेन्सांचा निषेध केला, आणि घरीं त्याचाच लाभ घेतला. ह्यांत कोणाचा कांहीं कपटभाव होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खोताच्या अंगणांत कूळ हात जोडून उभें राहिलें तेव्हां दोघांच्या मधें हा आंकडा उभा होता, हें दोघांसही कळलें नाहीं.

१९२९ च्या शरदांत अमेरिकेंत शेअरबाजार कोसळला आणि जगभर भाव घसरूं लागले. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९१४ चा जुलै शंभर धरला, तर १९२९ सालीं १४१ होता. १९३१ सालीं ९६, आणि १९३३ सालीं ८७. शेतमालाची घसरण ह्याहूनही मोठी. ज्या शेतकऱ्यास साऱ्यासाठीं पूर्वीं दहा पायल्या विकाव्या लागत, त्यास आतां सोळा आणि त्याहूनही अधिक विकाव्या लागल्या. सोळा पेन्सांचा भाव असता तर हें अरिष्ट टळलें असतें काय? टळलें नसतें, जगाचाच बाजार बुडाला होता. परंतु बुडत्याच्या गळ्यांतला धोंडा तेवढा हलका झाला असता.

सरकारनें काय केलें? हुंडणावळ कोसळूं नये म्हणून चलन आंखडलें आणि व्याजाचे दर चढे ठेविले. तिजोरीचा ताळा बसावा म्हणून सर जॉर्ज शुस्टर ह्यांनीं १९३१ च्या सप्टेंबरांत मध्येंच दुसरें अंदाजपत्रक आणून बहुतेक करांवर शेंकडा पंचवीस अधिभार बसविला, नोकरांचे पगार शेंकडा दहानें कापले, आणि प्राप्तीवरील कराची मर्यादा दोन हजारांवरून हजारावर आणिली. अर्ध्या आण्याचें पोस्टकार्ड पाऊण आण्याचें झालें. सासुरवाशिणीनें माहेरीं पाठवावयाच्या खुशालीवरही हुंडणावळीची पट्टी बसली असें म्हणावयास हरकत नाहीं!

घर चालविणारा म्हणेल, ह्यांत गैर तें काय? मिळकत घटली, खर्च कमी केला. घरास हें शोभतें, कारण आपण दूध कमी घेतलें तरी त्यामुळें आपला पगार घटत नाहीं. सरकारचें तसें नाहीं. सरकार जेव्हां बांधकाम थांबवितें, पगार कापतें आणि वर कर वाढवितें, तेव्हां ज्यांच्यापासून कर यावयाचा त्यांचीच मिळकत तें घटवीत असतें. मग पुढच्या वर्षीं तूट पुन्हां दत्त म्हणून उभी. जॉन मेनार्ड केन्स ह्यांनीं १९३६ च्या आपल्या ग्रंथांत हेंच शास्त्ररूपानें मांडिलें. त्यांचें पहिलें पुस्तक १९१३ सालीं हिंदी चलनावरच निघालें होतें. परंतु हिंदुस्थानच्या तिजोरीवर त्यांच्या नव्या विचाराचा उजेड फारसा पडला नाहीं.

२१ सप्टेंबर १९३१ रोजीं खुद्द इंग्लंडनें सोन्याचा चलनाशीं असलेला संबंध तोडला. पौंड घसरला. रुपयास मोकळें होण्याची ही संधि होती. परंतु लंडनहून भारतमंत्र्यांनीं तो त्याच अठरा पेन्सांनीं पौंडाच्या दावणीस बांधून टाकिला. आतां पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या मानानें उतरला, म्हणजे रुपयांत मोजतां सोनें महागलें. १९२७ च्या कायद्यांत तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै असलेला भाव कांहीं महिन्यांत तिशीकडे गेला, आणि मग पुढेंच चालला. धान्य मातीमोल, सावकाराचा तगादा दारांत, आणि घरांत एकच वस्तु अशी कीं जिला भाव आहे. मग ती निघाली. ह्या निर्यातीनें होम चार्जेस भागले आणि अठरा पेन्सांचा भाव टिकला. निर्यात बंद करा अशी मागणी देशांतून जोरानें झाली. सरकारनें ती मानिली नाहीं, आणि मानण्याचें त्यास कारणही नव्हतें.

त्याच सुमारास जपाननें निराळी वाट धरली. वृद्ध अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो ह्यांनीं १९३१ च्या डिसेंबरांत सोन्याची सांखळी तोडली, येनचा भाव वर्षभरांत निम्म्याहून खालीं जाऊं दिला, व्याज उतरविलें आणि कर्ज काढून सरकारी खर्च वाढविला. जपानी कारखाने दोनतीन वर्षांत सावरले. त्याचा फटका कोणास बसला हें मुंबईस सांगावयास नको. स्वस्त येनाचें कापड बंदरांत येऊन पडूं लागलें, तेव्हां परदेशी कापडावरील जकात १९३२ सालीं शेंकडा पन्नास आणि १९३३ सालीं पंचाहत्तर करण्यांत आली. रुपया महाग ठेवून गिरणी बुडवावयाची, आणि मग जकात बसवून ती तारावयाची. दोन्ही वेळां भुर्दंड धोतर-लुगडें घेणारास. ताकाहाशींची कथा येथें संपत नाहीं. देश सावरल्यावर त्यांनीं लष्कराचा खर्च आंवरण्याचा यत्न केला, आणि २६ फेब्रुवारी १९३६ रोजीं लष्करी बंडखोरांनीं त्यांस घरांत शिरून ठार केलें. पैशाचा नळ सोडण्यापेक्षां बंद करणें कठीण असतें.

१ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व बँक निघाली ती अठरा पेन्सांचें बंधन कायद्यानेंच गळ्यांत घालून. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ ह्यांस व्याज आणि हुंडणावळ दोन्ही उतरावींत असें वाटे. अर्थसचिव सर जेम्स ग्रिग ह्यांच्याशीं त्यांचें जमलें नाहीं, आणि त्यांनीं पद सोडलें.

मग दुसरें महायुद्ध आलें, आणि सारा खेळ उलटा झाला. १९३९ च्या अखेरीस झालेल्या कराराप्रमाणें ब्रिटनसाठीं येथें होणारा लष्करी खर्च हिंदुस्थान सरकारनें रुपयांत करावयाचा, आणि ब्रिटननें त्याबद्दल लंडनांत पौंड जमा करावयाचे. ते पौंड तारण धरून रिझर्व बँक येथें नोटा छापी. माल, धान्य, कापड सैन्याकडे जाई. लोकांकडे नोटा येत. युद्धारंभीं १८० कोटींच्या आसपास असलेल्या नोटा युद्धाच्या शेवटीं बाराशें कोटींपर्यंत गेल्या, आणि घाऊक भाव सुमारें अडीचपट झाले. रुपयांतली चांदी १९४० सालीं निम्म्यावर आली, एक रुपयाची कागदी नोट निघाली, सुटी नाणीं दिसेनाशीं झालीं, आणि तांबें वांचविण्यासाठीं भोंकाचा पैसा आला, जो मुलांनीं करगोट्यांत ओंवला. मुंबईंत १९४३ च्या मे महिन्यांत शिधापत्रिका सुरू झाली. बंगालमध्यें त्याच वर्षीं लाखों माणसें अन्न अन्न करीत मेलीं. तेथें अनेक कारणें एकत्र झालीं होतीं; परंतु ज्यांच्या हातीं नव्या नोटा आल्या ते तांदूळ घेऊं शकले आणि ज्या मजुराची मजुरी जुनीच राहिली तो घेऊं शकला नाहीं, हें त्यांतलें एक खास.

आतां पाळी पांढरपेशांची होती. जे दहा वर्षांपूर्वीं निर्धास्त होते त्यांचा ठरलेला पगार डोळ्यांदेखत वितळूं लागला, आणि ज्या शेतकऱ्याकडे विकावयास धान्य उरे त्यानें सावकाराचें जुनें देणें फेडून टाकिलें. पुण्याच्या गोखले संस्थेंतून धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी ह्यांनीं युद्धकालीन अर्थनीतीवर १९४३ सालीं पुस्तक काढून ह्या चलनवाढीची चिकित्सा केली. त्याच वर्षीं ११ ऑगस्टला महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. त्याच ऑगस्टांत, लोकांच्या हातच्या नोटा शोषून घेण्यासाठीं, ब्रिटिश आणि अमेरिकन सरकारांच्या वतीनें बँकेनें मुंबईच्या बाजारांत सोनें विकावयास काढलें. दहा वर्षांपूर्वीं तीस-पस्तीस रुपये तोळ्यानें गेलेलें सोनें आतां सत्तरीच्या घरांत परत आलें. तें ज्यांच्या अंगावरून गेलें होतें त्यांच्याकडे अर्थात् आलें नाहीं.

युद्धांतील पौंडांच्या शिलकेंतून हिंदुस्थानचें विलायतेंतील बहुतेक सरकारी कर्ज फिटलें, आणि वर सतराशें कोटींचें येणें राहिलें. ज्या व्याजापायीं अर्धें शतक रुपया महाग ठेविला तें व्याजच उरलें नाहीं. तरी भाव हलला नाहीं. १९४९ सालीं पौंड उतरला तेव्हां रुपया त्याच्याबरोबर उतरला, आणि दोघांमधलें अठरा पेन्सांचें नातें तसेंच राहिलें. ज्याच्याविरुद्ध एके काळीं सभा गाजल्या, तोच आंकडा स्वराज्याच्या सरकारनेंही चालविला. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन पौंडास तेरा रुपये पांच आण्यांऐवजीं एकवीस रुपये पडूं लागले, तेव्हां तो मोडला.

रिझर्व बँकेच्या वह्यांत मात्र सोन्याची किंमत १९२७ च्या कायद्यांतली, तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै, अशीच लिहिली जात असे. ती बदलून साडेबासष्ट रुपये करण्यास १९५६ साल उजाडलें, आणि त्या वर्षीं सराफकट्ट्यावर तोळ्याचा भाव शंभरीच्या घरांत होता.